खोकल्याच्या आधी रक्तात काय दिसतं? निफाडच्या एका हिवाळ्यातल्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

गेल्या हिवाळ्यात माझ्या फिरतीतल्या तीन गोठ्यांत मिळून नऊ वासरं न्यूमोनियानं गेली. सगळी संकरित होल्स्टिन, सगळी तीन महिन्यांच्या आतली. मला फोन यायचा तोवर वासराचा भाता सुरू झालेला असायचा. मान पुढे ताणलेली, तोंड उघडं. इंजेक्शनं द्यायची, सलाईन लावायचं आणि तिसऱ्या दिवशी "गेलं बरं का डॉक्टर" ऐकायचं. यंदा ठरवलंय, खोकला ऐकू येण्याआधी रक्तात काही दिसतं का ते बघू. आमच्याकडे थंडी डिसेंबरात खरी बसते, म्हणजे तयारीला महिना आहे.

घराच्या पुढच्या खोलीत सामान मांडलं. जुना मायक्रोस्कोप, हिमॅटोक्रिटचा सेंट्रिफ्यूज (रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवणारं यंत्र; वापरलेला, ११,००० रुपये), न्यूबाउअर चेंबर (पेशी मोजायची आखलेली काच), लीशमन स्टेन (पेशी रंगवायचा रंग), जांभळ्या बुचाच्या (रक्त न गोठू देणाऱ्या) आणि लाल बुचाच्या (सीरमसाठीच्या) ट्यूब. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीरममधलं (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यातलं) प्रोटीन बघणार, म्हणजे चिकातून प्रतिपिंडं किती उतरली याचा अंदाज येईल. त्यानंतर दर आठवड्याला पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के), पांढऱ्या पेशी, स्लाइडवर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं प्रमाण, आणि फायब्रिनोजेन, म्हणजे अंगात दाह असला की रक्तात वाढणारं एक प्रोटीन. शिवाय प्रत्येक वेळचं थोडं सीरम डीप फ्रीझरमध्ये ठेवणार, शेवटी हॅप्टोग्लोबिनचं (दाहात वाढणारं दुसरं प्रोटीन) किट एकदमच लावायला.

आजारी कोण हे ठरवायला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाची गुणपद्धत घेतली. ताप, खोकला, शेंबूड, आणि डोळे किंवा कान, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज ५ किंवा जास्त झाली की उपचार. ही चिठ्ठी लॅमिनेट करून तिन्ही गोठ्यांत टांगली. एका ठिकाणी दुसऱ्याच दिवशी गाईनं चाटून खाली पाडली.

१४ नोव्हेंबर

मालकांना पटवण्यात पूर्ण दिवस गेला. "एवढंसं वासरू, त्याचं रक्त काढता होय?" हा प्रश्न तिन्हीकडे आला. ३५ किलोच्या वासरात साधारण पावणेतीन लिटर रक्त असतं, मी घेणार ३ मिली. आकड्यानं कुणाचं समाधान झालं नाही. शेवटी पाण्याच्या लिटरच्या बाटल्या मांडल्या आणि "ह्या पावणेतीन बाटल्यांतून अर्धं टोपण" म्हटलं, तेव्हा मान हलली. ज्यांना हे करायचंय त्यांनी बाटल्या घेऊनच जावं.

गोठ्यांना मी माझ्यापुरती नावं दिलीत: वाटेवरचा, कादवाकाठचा आणि मळ्यातला.

१९ नोव्हेंबर

सीरम प्रोटीनसाठी रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून मोजणारं यंत्र) हवा होता. मागवलेला अजून आला नाही. मळ्यातल्या आण्णांकडे द्राक्षाची गोडी मोजायचं ब्रिक्स मीटर आहे, तेही त्याच तत्त्वावर चालतं, तेच उसनं घेतलं. सीरमचा थेंब त्यावर चालतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२० साली वासरांसाठी चार पायऱ्या मांडल्या. सीरम ब्रिक्स ९.४ आणि वर असेल तर उत्तम, ८.९ ते ९.३ चांगलं, ८.१ ते ८.८ बरं, त्याखाली वाईट. प्रोटीनच्या पट्टीवर हेच ६.२, ५.८ आणि ५.१ ग्रॅमला तुटतं.

पहिली सहा वासरं मोजली आणि घोळ लक्षात आला. शून्य लावायला मी गोठ्याच्या नळाचं पाणी वापरलं होतं. आमचं बोअरचं पाणी इतकं जड आहे की किटलीत खडू जमतो. घरी येऊन डिस्टिल्ड पाण्यानं तपासलं तर ०.२ चा फरक निघाला. वाचायला किरकोळ, पण ८.०चं वासरू ८.२ झालं की "वाईट"चं "बरं" होतं. सहाही नमुने पुन्हा वाचले. आता बॅगेत डिस्टिल्ड पाण्याची बाटली कायमची.

आण्णांना चिकाचा थेंब याच मीटरवर दाखवला. चीक २२ ब्रिक्सच्या वर असेल तर त्यात लिटरला ५० ग्रॅम प्रतिपिंडं आहेत असं धरतात. त्यांच्या गाईचा चीक भरला १७. "म्हणजे द्राक्ष तोडायला चालेल, वासराला नाही," आण्णा म्हणाले. वर्षभर पत्रकं वाटून जे साधलं नाही ते त्या एका थेंबानं साधलं. ब्रिक्स हा शब्द इथं आधीच घराघरांत आहे.

२५ नोव्हेंबर

कादवाकाठच्या गोठ्यात आज तीन दिवसांची कालवड, सीरम ब्रिक्स ७.२. चीक कधी पाजला म्हणून विचारलं. घरातल्या आजी म्हणाल्या, "वार पडू द्यावी लागते ना आधी." वार पडली दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर चीक काढून ठेवला होता, त्यातला बराचसा खरवसाला गेला. मलाही वाटीभर मिळाला. खाल्ला. आणि खाता खाता सांगितलं की गाईच्या वारेतून प्रतिपिंडं वासरात जातच नाहीत, जे मिळायचं ते चिकातूनच, आणि आतड्याचं दार चोवीस तासांत बंद होतं. तोंडात खरवस असताना हे बोलायला अवघड जातं.

३० नोव्हेंबर

फायब्रिनोजेनची पद्धत बसवण्यात चार दिवस गेले. पद्धत अशी. एकाच रक्ताच्या दोन कॅपिलरी नळ्या भरायच्या, एक टोक मातीनं बंद करायचं. पहिली सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तिच्यात वर आलेल्या पिवळट प्लाझ्माचं प्रोटीन वाचायचं. दुसरी ५६ ते ५८ अंश पाण्यात तीन मिनिटं ठेवायची, म्हणजे फायब्रिनोजेन गोठून खाली बसतं. पुन्हा फिरवून वाचायचं. दोन्हीतला फरक म्हणजे फायब्रिनोजेन. ६.८ वजा ६.२ म्हणजे ०.६ ग्रॅम, म्हणजे डेसिलिटरला ६०० मिलिग्रॅम. गुरांत साधारण ३०० ते ७०० ठीक मानतात.

पहिल्या दहा नमुन्यांत एकाही वासराचं ९०० च्या खाली येईना. ठणठणीत, शेपूट वर करून पळणारी वासरं, आणि कागदावर सगळ्यांना जबरदस्त दाह! दोन दिवस मी वासरांवर संशय घेतला. दोष माझ्या पाण्याचा होता. गॅसवर पातेलं ठेवून थर्मामीटर बुडवत होतो आणि पाणी ६२-६३ ला जात होतं. तेवढ्या उष्णतेला इतर प्रोटीनंही गोठायला लागतात. आता चहाच्या थर्मासमध्ये गरम आणि गार पाणी मिसळून बरोबर ५७ करतो, नळी दोऱ्याला बांधून सोडतो, झाकण लावतो. तीन मिनिटांत अर्धा अंशही उतरत नाही. आधीचे दहा आकडे खोडले.

तोवर प्रोटीनची पट्टी असलेला रिफ्रॅक्टोमीटर आला, २,४०० रुपये. त्यावर बारीक रेघ ०.२ ग्रॅमची आहे, मधलं डोळ्यानं धरायचं. म्हणजे १०० मिलिग्रॅम इकडे तिकडे होणारच. ५०० वरून ६०० झालं तर मी त्याला वाढ म्हणणार नाही. ५०० वरून ८०० झालं तर म्हणेन.

४ डिसेंबर

स्लाइड निळ्याशार. केंद्रक दिसतं, बाकी सगळं शाई सांडल्यासारखं. इथेही तेच बोअरचं पाणी. लीशमनला ६.८ ते ७.२ पीएचचं बफर पाणी लागतं, मी आळसानं नळाचं वापरत होतो. बफरच्या गोळ्या आणल्या. बावीस स्लाइड वाया गेल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच पुन्हा करता येणार नव्हत्या, कारण रात्रभर ईडीटीएत (जांभळ्या ट्यूबमधलं, रक्त न गोठू देणारं रसायन) राहिलेल्या पेशींचा आकार बिघडतो. आता स्मिअर (काचेवरचा रक्ताचा पातळ थर) गोठ्यातच ओढतो, तिथेच वाळवतो, मिथेनॉलनं पक्का घरी करतो.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. पहिल्या आठवड्यातल्या वासरांत न्यूट्रोफिल लिम्फोसाइटपेक्षा जास्त दिसले म्हणून मी दोन वासरांना अँटिबायोटिक सुरू करायच्या बेतात होतो. मोठ्या जनावरात लिम्फोसाइट जास्त असतात, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण जन्मताना कॉर्टिसॉल चढलेलं असतं, त्यामुळे नवजात वासरात न्यूट्रोफिलचाच भरणा असतो आणि पुढच्या दिवसांत पारडं फिरतं. ही दोन्ही वासरं चार-पाच दिवसांची होती. दहा दिवसांच्या आतल्या वासराच्या या प्रमाणावरून मी आता काहीच ठरवत नाही.

११ डिसेंबर

थंडी पडली. पहाटे साडेपाचला कादवाकाठच्या गोठ्यात माझ्या थर्मामीटरवर ७ अंश, दुपारी दोनला २८. वासराला एका दिवसात दोन ऋतू.

आजपासून आठवड्यातून दोनदा रक्त. वासरंही वाढली आहेत. सकाळी पाच ते नऊ गोठे, मग नेहमीचे कॉल, संध्याकाळी सहा ते साडेनऊ मायक्रोस्कोप. घरच्यांनी बोलणं कमी केलंय.

क्र. १४, कालवड, चार आठवड्यांची. फायब्रिनोजेनचे आधीचे आकडे ४००, ५००, ४००. आज ८००. ताप १०२.८, खोकला नाही, दूध पूर्ण प्याली. वाटेवरच्या गोठ्याचे दादा म्हणाले, "हिला काय झालंय? उड्या मारती." मी फक्त लक्ष ठेवा म्हटलं.

१३ डिसेंबर

क्र. १४ ला पहाटे १०४.६, ओला खोकला, दोन्ही नाकपुड्यांतून शेंबूड. गुण ७. लगेच अँटिबायोटिक आणि ताप-सूज उतरवायला मेलोक्सिकॅम. मला आनंद झाला, हे कबूल करतो. आजारी वासरासमोर उभं राहून हसणारा डॉक्टर बघून दादा जरा बिचकले.

१६ डिसेंबर

आनंद उतरला. क्र. ९ चं फायब्रिनोजेन ९००. १४ च्या अनुभवावरून सरळ न्यूमोनिया धरला, इंजेक्शन सुरू केलं, तीन दिवस छाती ऐकत बसलो. छाती स्वच्छ. आज वासरू उलटं करून बघितलं तर बेंबी लिंबाएवढी, दाबल्यावर पू. पहिल्याच दिवशी पोटाखाली हात फिरवला असता तर कळलं असतं.

दोन वासरांनी मिळून जे शिकवलं ते इथे लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. फायब्रिनोजेन काय नि हॅप्टोग्लोबिन काय, यकृत ही प्रोटीनं सोडतं ती कुठेतरी दाह आहे म्हणून. त्यांना फुफ्फुस आणि बेंबी यांतला फरक कळत नाही. आकडा वाढला की आता क्रम ठरलेला: बेंबी, चारही पायांचे सांधे, शेण, कान, मग छाती. पाच मिनिटांचं काम आहे.

२० डिसेंबर

मळ्यातल्या गोठ्यात एका वासराचे न्यूट्रोफिल ७८ टक्के. ताप नाही, फायब्रिनोजेन ५००, वासरू टवटवीत. काही जुळेना. तीनदा विचारल्यावर गड्यानं सांगितलं, परवा गावातून कोणीतरी आलं होतं, "ताकदीचं" इंजेक्शन मारून गेलं. बाटली उकिरड्यावर सापडली. डेक्सा. स्टिरॉइडनं न्यूट्रोफिल रक्तात वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, म्हणजे माझ्या मोजणीत हुबेहूब आजारी वासरू. लांबच्या गाडीप्रवासानंही असाच गोंधळ होतो, कारण तिथे जनावराचं स्वतःचं कॉर्टिसॉल तेच करतं. तेव्हापासून वहीत एक रकाना वाढवला: "मागच्या आठवड्यात कुणी काही टोचलं का?" हा प्रश्न मालकाला नाही, गड्याला विचारायचा.

२७ डिसेंबर

सर्वांत वाईट आठवडा. क्र. १७, गोऱ्हा, कादवाकाठ, सीरम ब्रिक्स ७.४ वाला. रात्री अकराला फोन: "खायना, पियना, नुसतं पडून हाये." ताप १०५.८, श्वास मिनिटाला ८० च्या वर. रक्त घेतलं, उपचार सुरू केले, घरी येऊन मोजलं. पांढऱ्या पेशी ३,१००. फायब्रिनोजेन ५००. कागदावरून बघितलं तर या वासराला काहीच झालेलं नाही, उलट पेशी कमी आहेत.

स्लाइड नीट बघितल्यावर उलगडा झाला. पिकलेले न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीतच, जे आहेत ते कच्चे, वाकड्या पट्टीसारख्या केंद्रकाचे. गुरांच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिलचा तयार साठा फार थोडा असतो. जोराचा हल्ला झाला की असलेले फुफ्फुसात धावतात आणि रक्त रिकामं पडतं. फायब्रिनोजेन चढायला एक-दोन दिवस लागतात. म्हणजे मी बरोबर त्या मधल्या फटीत रक्त घेतलं होतं. एकूण पेशींचा आकडा बघून झोपलो असतो तर चुकलो असतो. नुसतं मशीनचं प्रिंटआउट वाचणाऱ्यांनी या वासराला "नॉर्मलच्या खाली" लिहून सोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी फायब्रिनोजेन १,०००. तिसऱ्या दिवशी पहाटे वासरू गेलं. उघडून बघितलं. फुफ्फुसाचे पुढचे, खालचे भाग यकृतासारखे गच्च आणि काळसर लाल, वर पिवळट पापुद्रा. मागचा वरचा भाग गुलाबी, मऊ. गोठ्यातल्या वैनींना दाखवलं. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्याशावर श्वास घेत होतं होय."

२ जानेवारी २०२५

वैनींनी १७ गेल्यावर थंडीच्या भीतीनं वासरांचा कप्पा चारही बाजूंनी प्लास्टिकच्या कागदानं गच्च बंद केला. आज तिथे तीन वासरांचे खोकले नवीन. मी आत जाऊन खाली बसलो, वासराचं नाक असतं त्या उंचीवर. अर्ध्या मिनिटात डोळ्यांतून पाणी. उभं राहिल्यावर वास जवळजवळ येत नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. मूत, ओलं शेण, बंद हवा, अमोनिया.

कागद वरून दोन फूट फाडला, खालचा ठेवला. खाली उसाचं कोरडं पाचट वीतभर, ओलं झालेलं रोज काढायचं. गुडघे टेकले आणि ओले झाले तर पाचट कमी आहे, एवढीच परीक्षा. खर्च शून्य, पाचट त्यांच्याच शेतातलं. हे मी नोव्हेंबरात सांगायला हवं होतं. रक्ताच्या नादात गोठ्याकडे बघायचं राहून गेलं.

९ जानेवारी

हगवण लागलेल्या दोन दिवसांच्या वासराचं सीरम प्रोटीन ६.४ आलं आणि मी वहीत "उत्तम" लिहिलं. पीसीव्ही ४८ बघून खोडलं. अंगातलं पाणी गेलं की प्रोटीन घट्ट दिसतं. सलाईननंतर दुसऱ्या दिवशी ५.३. डोळे खोल गेलेल्या वासराचं प्रोटीन तेव्हा मोजूच नये.

१८ जानेवारी

हॅप्टोग्लोबिनचं किट आलं, ४६,००० रुपये. गुरांसाठीचंच मागवावं लागतं, माणसांचं चालत नाही. प्लेट वाचायचं यंत्र माझ्याकडे नाही. ओळखीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रविवारी दुपारी बसू देतात, प्रतितास पैसे.

किटच्या प्लेटमध्ये ९६ खळगे. प्रमाणित नमुने आणि कोरा मिळून १६ जातात. उरले ८०, प्रत्येक नमुना दोनदा लावायचा म्हणजे ४० नमुने. चाळिसांत काय घ्यायचं यावर तीन संध्याकाळी घालवल्या. शेवटी निवडली ती आजारी पडलेल्या वासरांची आजाराआधीची, आजारातली आणि उपचारानंतरची सीरमं, आणि सोबत तेवढ्याच वयाची निरोगी.

शहाणपणा एवढाच केला की पूर्ण प्लेट एकदम लावली नाही. किटच्या पट्ट्या सुट्ट्या निघतात, म्हणून आधी दोन पट्ट्या.

१९ जानेवारी

त्या दोन पट्ट्या वाया. निरोगी गुरात हॅप्टोग्लोबिन जवळजवळ नसतंच आणि दाहात ते शेकडो पटींनी चढतं. मी सगळी सीरमं सारख्याच प्रमाणात पातळ केली. आजारी वासरं मोजपट्टीच्या वर गेली, निरोगी तळाशी. मधे कोणीच नाही. आता आजारी नमुने दोन वेगवेगळ्या प्रमाणांत पातळ करून लावणार, म्हणजे चाळिसाऐवजी सव्वीसच नमुने बसतील.

शिवाय सहा सीरमं लालसर होती. ही चूक नोव्हेंबरातली, फळ आज. ट्यूब थेट बर्फावर ठेवून मोटरसायकलवरून आणायचो. बर्फाला टेकलेलं रक्त फुटतं. हॅप्टोग्लोबिनचं कामच सुटलेलं हिमोग्लोबिन धरण्याचं, त्यामुळे फुटलेल्या रक्तातला आकडा भरवशाचा नाही. सहाही बाद. आता बर्फ आणि ट्यूबच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी, आणि सिरिंजमधून ट्यूबमध्ये रक्त सोडताना सुई काढून, भिंतीवरून ओघळू द्यायचं. पिचकारी मारायची नाही.

२६ जानेवारी

प्लेट लागली. सव्वीस नमुने. क्र. १४ ची ११ डिसेंबरची ट्यूब, म्हणजे ती उड्या मारत होती त्या दिवशीची, हॅप्टोग्लोबिन स्पष्ट चढलेलं. फायब्रिनोजेननं तेच सांगितलं होतं, थर्मासच्या खर्चात. दोन वासरांत मात्र फरक पडला. फायब्रिनोजेन ६०० होतं, माझ्या हिशोबानं संशयाच्या पट्ट्यात, आणि हॅप्टोग्लोबिन ठणकावून वर. दोघांनाही दोन दिवसांनी खोकला आला.

उपचारानंतरच्या ट्यूबांत दुसरी गोष्ट दिसली. औषध लागू पडलेल्या वासरांत चौथ्या-पाचव्या दिवशी हॅप्टोग्लोबिन खाली आलेलं, फायब्रिनोजेन मात्र अजून ८०० वर रेंगाळत होतं. त्या आकड्याकडे बघून मी एका वासराला विनाकारण तीन दिवस जास्त अँटिबायोटिक दिलं होतं. आता औषध थांबवायचं की नाही हे फायब्रिनोजेनवरून ठरवत नाही. ताप, श्वास आणि दूध किती पितं, यावर ठरवतो.

क्र. ९ चं, बेंबीवाल्याचं, हॅप्टोग्लोबिनही सगळ्यांत वर. म्हणजे ४६,००० रुपयांनाही बेंबी आणि फुफ्फुस वेगळं करता आलं नाही.

२२ फेब्रुवारी

ऊन तापायला लागलंय. क्र. २६, दीड महिन्याची कालवड, मळ्यातली. ताप १०५.६, श्वास जलद, हलका खोकला. गुण ५. सीझनभर न्यूमोनिया बघून डोळ्यांवर झापड आली होती. त्याचं औषध दोन दिवस दिलं. ताप तसूभर हलला नाही. स्मिअर पहिल्याच दिवशी ओढलेला, पण रंगवायचा कंटाळा केला होता.

आज रंगवला. तांबड्या पेशींत स्वल्पविरामासारखे ठिपके, दोन लिम्फोसाइटमध्ये निळसर चुरा. थायलेरिया, म्हणजे गोचिडातून येणारा रक्तातला परजीवी. खांद्यासमोरची गाठ हाताला लिंबाएवढी लागली, पहिल्या दिवशीही लागली असती. त्यावरचं औषध, बुपार्व्हाक्वोन, दिलं. आण्णांच्या गोठ्याच्या दगडी भिंतीच्या फटी टॉर्चनं बघितल्या, गोचीड दाटीनं बसलेत.

एवढी महागडी खटपट करून जे एक स्लाइड पंधरा मिनिटांत सांगते ते दोन दिवस पेटीत पडून होतं.

२५ फेब्रुवारी

२६ उठली. दूध प्यायली. पीसीव्ही १९, पण उठली.

२ मार्च

वह्या मिटवून हिशोब. एकूण चौतीस वासरं: वाटेवरची १५, कादवाकाठची ११, मळ्यातली ८. खोकल्यापर्यंत पोहोचलेली ११, त्यांतली गेली २. क्र. १७ बद्दल आधी लिहिलंय. दुसरं वाटेवरचं, त्या आठवड्यात मी स्वतः तापानं झोपलो होतो, रक्तच नाही.

अकरांपैकी पाचांत फायब्रिनोजेन खोकल्याच्या आधीच्या नमुन्यात ७०० च्या वर गेलेलं होतं. चारांत खोकला आणि आकडा एकाच दिवशी. दोघांत आकड्यानं काहीच सांगितलं नाही, त्यातलं एक वाटेवरचं बिनरक्ताचं. उलट सहा वासरांत आकडा चढला आणि न्यूमोनिया नव्हता: तीन बेंब्या, एक सांधा, एक हगवण, एकाचं कारण अजून माहीत नाही, वासरू मजेत आहे.

मी रात्री परत परत बघतोय तो रकाना वेगळाच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा सीरम ब्रिक्स. चौतीसांत ६ उत्तम, ८ चांगली, ९ बरी, ११ वाईट. खोकल्यापर्यंत गेलेल्या अकरांतली ७ "वाईट"मधली, ३ "बरी"मधली, एकच "चांगली"मधली. "उत्तम"मधलं एकही नाही. तीन गोठ्यांतली चौतीस वासरं म्हणजे काही पुरावा नव्हे, आणि सगळ्यांत जास्त "वाईट" ज्या गोठ्यात होती त्याच गोठ्याची हवाही बंद होती. तरी हा रकाना थेंबभर सीरम आणि उसन्या मीटरवर भरला गेला, हे मला खुपतंय.

खर्च: सेंट्रिफ्यूज ११,०००, रिफ्रॅक्टोमीटर २,४००, ट्यूब-नळ्या-स्टेन ५,७००, किट ४६,०००. बेरीज ६५,१००. लॅबचे तास आणि पेट्रोल धरलेलं नाही, धरलं तर घरात दाखवता येणार नाही.

पुढच्या हिवाळ्यात हॅप्टोग्लोबिन नाही. आठवड्याचं सरसकट रक्तही नाही, ते एकट्या माणसाचं काम नव्हे. ब्रिक्स प्रत्येक वासराचा. ज्याचा ८.१ खाली येईल त्याच्या कानाला लाल सुतळी, आणि थंडीत फक्त त्या वासरांचं फायब्रिनोजेन आठवड्यातून दोनदा. तापाच्या प्रत्येक वासराचा स्मिअर, त्याच दिवशी रंगवून. १५ नोव्हेंबरपूर्वी वासराच्या उंचीवर बसून गोठ्याचा वास.

७ मार्च

रात्री सव्वाबाराला कादवाकाठहून वैनींचा फोन. गाय व्याली, कालवड झाली. आण्णांकडून आणलेलं मीटर आता त्यांच्याकडेच असतं. "चीक चोवीस भरला डॉक्टर. दोन लिटर पाजला, अर्धा तास पण झाला नाही." आणि वार? "ती पडंल तवा पडंल. आत्याबाई रुसून झोपल्यात."

परवा सकाळी लाल बुचाची ट्यूब घेऊन जायचंय.